मैदानाच्या कडेचे आईबाप

आपलें मूल खेळतांना पाहून आईबापांस जो आनंद होतो त्याचें खरें स्वरूप काय, असा प्रश्न कोणीं विचारिला तर बहुतेक लोक हंसतील. जी गोष्ट घरोघर घडते, जिच्या अनुभवास विद्वत्ता लागत नाहीं आणि पैसाहि लागत नाहीं, तिची मीमांसा ती काय करावयाची, असें ते म्हणतील. परंतु जे अनुभव सर्वांचे असतात त्यांचाच विचार सहसा कोणी करीत नाहीं, आणि विचार न झाल्यामुळें त्यांत मिसळलेलें हीणहि कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आमच्या ध्यानांत तें पुष्कळ उशिरां आलें. तेंहि ग्रंथ वाचून नव्हे. एकदां आमच्याच मुलाच्या तोंडून, आणि नंतर मोहर्लीच्या रानालगतच्या एका मैदानावर. म्हणून हा प्रश्न वाचकांपुढें मांडावा असें आम्हांस वाटतें.

प्रथम ह्या आनंदाचें वैशिष्ट्य पाहूं. मुलानें परीक्षेंत यश मिळविलें म्हणजे आईबापांस आनंद होतो. त्यांत मुलाच्या पुढील आयुष्याची सोय लागल्याचें समाधान असतें. मूल दुखण्यांतून उठलें म्हणजे आनंद होतो. त्यांत काळजी फिटल्याचें सुख असतें. खेळांत ह्यांपैकीं कांहींच नाहीं. कबड्डीची एक चढाई साधली म्हणून मुलाच्या पोटापाण्याची तजवीज होत नाहीं, आणि चुकली म्हणून त्याचें कांहीं बिघडतहि नाहीं. तरीहि मुलानें दम धरिला कीं कडेला उभ्या असलेल्या आईचा श्वास कोंडतो, आणि तें मध्यरेषेस हात लावून परत आलें म्हणजे तिचा जीव खालीं पडतो. ज्यांत लाभ नाहीं व हानिहि नाहीं अशा गोष्टींत जीव इतका कां गुंतावा?

ह्यावर एक उत्तर फार जुनें आहे. बृहदारण्यकोपनिषदांत याज्ञवल्क्य मैत्रेयीस सांगतो कीं, पुत्र प्रिय वाटतात ते पुत्रांसाठीं नव्हे, तर आत्म्यासाठीं. ऋषींचा आत्मा आणि आमचा अहंकार हे एक नव्हेत, हें आम्ही जाणतों. तथापि लौकिक व्यवहारांत ह्या उपदेशाचा जो खालचा अर्थ निघतो तोहि अगदींच खोटा म्हणतां येणार नाहीं. मुलगा जिंकला म्हणजे आम्ही जिंकलों, लोकांनीं त्याच्यासाठीं टाळ्या वाजविल्या म्हणजे त्या आमच्याच घरीं आल्या, असें आईबापांस वाटतें, आणि ह्यालाच ते वात्सल्य म्हणतात.

ग्रीक लोकांत ह्या सुखाची एक कथा प्रसिद्ध आहे. ऱ्होड्स बेटांतील डायागोरस हा स्वतः नामांकित मुष्टियोद्धा होता. इसवी सनापूर्वीं ४४८ सालीं ऑलिंपिया येथें त्याचे दोन मुलगे एकाच दिवशीं विजयी झाले, आणि त्यांनीं म्हाताऱ्या बापास खांद्यावर घेऊन जमावांतून मिरविलें. तेव्हां गर्दींतून कोणी ओरडला कीं, डायागोरसा, आतां खुशाल मर. ह्याहून उंच चढावयास जागा उरली नाहीं. बापाच्या सुखाची परिसीमा म्हणून ही कथा सांगतात, आणि ती आहेहि सुंदर. परंतु त्याच दिवशीं जे हरले त्यांचेहि बाप त्या गर्दींत असतील. त्यांच्याविषयीं कथा मुकी आहे. ज्या आनंदास मुलाचा विजय ही अट आहे तो मुलाविषयींचा आनंद, कीं स्वतःच्या उंचीविषयींचा?

हा प्रश्न आम्ही दुसऱ्यांस विचारीत नाहीं; तो आमच्याच अंगावर आलेला आहे. आमचा मुलगा बारा वर्षांचा असतां शाळेच्या क्रिकेटच्या संघांत होता. सामना असला म्हणजे आम्ही हातचीं कामें बाजूस सारून मैदानावर जात असूं, आणि आपण मोठे प्रेमळ बाप आहों अशी आमची समजूत होती. बाद होऊन तो परतूं लागला कीं त्याची दृष्टि पहिल्यानें आमच्या तोंडाकडे येई. ह्याचा आम्हांस अभिमान वाटे. घरीं येतांना वाटेवर आम्ही त्याच्या चुका त्यास समजावून सांगत असूं. आवाज न चढवितां, अगदीं शांतपणें. एके रात्रीं जेवतांना तो म्हणाला, "बाबा, उद्यां तुम्ही येऊं नका." त्याच्या आईनें कारण विचारिलें. तो थोडा वेळ पानाकडे पाहत बसला आणि म्हणाला, "बाबा आले कीं मला चेंडू दिसत नाहीं."

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. आम्ही त्यास कधीं मारिलें नव्हतें, कधीं टाकून बोललों नव्हतों. मग असें काय केलें होतें कीं आमच्या नुसत्या उभें राहण्यानें त्याच्या डोळ्यांपुढील चेंडू नाहींसा व्हावा? पुढील वर्षीं त्यानें खेळ सोडला. अभ्यास वाढला असें कारण त्यानें सांगितलें, आणि आम्हींहि तें खरें मानून घेतलें; कारण तें आम्हांस सोयीचें होतें.

ह्या गोष्टीस पुष्कळ वर्षें लोटल्यावर एका हिवाळ्यांत आमचें मोहर्लीस जाणें झालें. चंद्रपुराहून भद्रावती तालुक्यांतील ह्या गांवीं जातांना इरई धरणाचें पाणी दिसूं लागतें व पुढें सागाबांबूचें रान सुरू होतें. ताडोबाच्या जंगलाचें हें एक प्रमुख प्रवेशद्वार होय. ताडोबास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १९५५ सालीं मिळाला, आणि १९९५ सालीं ताडोबा व अंधारी मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. त्याच्या गाभ्याचें क्षेत्र सुमारें ६२५ चौरस किलोमीटर आहे. देशोदेशींचे लोक येथें वाघ पाहावयास येतात, आणि गांवांतील कित्येक तरुण त्यांस वाट दाखवून व जिप्सी गाड्या चालवून चरितार्थ करितात. परंतु वाघ पाहण्याची हौस पाहुण्यांची. गांवकऱ्यांस तो शेजारी आहे. उन्हाळ्यांत मोहफुलें वेंचण्यास व तेंदूपानें तोडण्यास गेलेल्या माणसांवर ह्या जिल्ह्यांत वाघाचे हल्ले होतात, आणि रानांत गेलेलें माणूस परत न आल्याचें दुःख येथील कित्येक घरांनीं पाहिलेलें आहे. अशा मुलखांत मुलावर लक्ष ठेवणें ह्या शब्दांचा अर्थ शहरांतल्याहून निराळा होतो.

आम्ही गेलों त्या दिवशीं आसपासच्या शाळांचा बालक्रीडा-मेळावा होता. गांवाबाहेरच्या मोकळ्या जागेंत फक्कीनें रेषा आंखल्या होत्या. दूरच्या मुलांस अंधार पडण्यापूर्वीं घरीं पोंचावयाचें असल्यामुळें गुरुजी सामन्यांची घाई करीत होते. तीन बाजूंस बायकापुरुषांची दाटी होती. चौथी बाजू रानाकडील. तेथें मात्र पांचसहा माणसें काठ्या घेऊन उभीं होतीं, आणि त्यांची पाठ मैदानाकडे होती. आम्हांस प्रथम ते गर्दी आंवरणारे लोक वाटले. चौकशी करतां कळलें कीं ते खेळणाऱ्या मुलांचेच बाप असून राखणीला उभे आहेत.

मुलींच्या कबड्डीचा सामना सुरू झाला. हाच खेळ अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं ऑलिंपिकच्या वेळीं बर्लिन येथें दाखविला होता. पण त्या मुलींस त्याचें काय होय! खेळ रंगूं लागला तसे राखणीवरील पुरुष एकेक करून माना वळवूं लागले. शेवटीं एकच इसम रानाकडे तोंड करून उभा राहिला. इतक्यांत दुसरा एक जण त्याच्याजवळ गेला, त्याच्या खांद्यास हात लावून कांहीं बोलला, आणि त्याच्या जागीं रानाकडे तोंड करून उभा राहिला. मोकळा झालेला मनुष्य लगबगीनें रेषेपाशीं आला. त्याची मुलगी त्याच वेळीं चढाईला निघाली होती. ती परत येईपर्यंत तो तेथें थांबला, आणि मग निमूटपणें आपल्या जागेवर गेला. त्याच्या जागीं उभा राहिलेला मनुष्य पुन्हां मैदानाकडे वळला.

आमच्याशेजारीं एक बाई उभी होती. एका चपळ, सांवळ्या मुलीकडे तिचे डोळे लागलेले पाहून आम्हीं विचारिलें, "ही मुलगी तुमची का?" ती म्हणाली, "आमचीच आहे जी. पन आता तिले आवाज नोका देऊ. आता आमची नाही, त्याइची आहे." असें म्हणून तिनें खेळणाऱ्या मुलींकडे बोट केलें. थोड्याच वेळांत ती मुलगी पकडीत सांपडली आणि बाद झाली. रेषेबाहेर येऊन बसतांना तिनें आईकडे पाहिलें. आमच्या काळजांत चर्र झालें, कारण ती दृष्टि आमच्या ओळखीची होती. आई मात्र नुसती हंसली. मुलीनें तोंड पुसलें, आणि तिची नजर लगेच खेळाकडे वळली. पुढें तिच्या संघानें प्रतिपक्षाचा एक गडी बाद केला. तशी ती जिवंत झाली आणि पुन्हां आंत गेली. सामना तिचा संघ हरला. आई शेजारणीला सांगत होती तें मात्र हरल्याचें नव्हे. मुलगी कशी वांकली व कशी निसटली, हें ती हातवारे करून सांगत होती.

त्या बाईच्या शब्दांवर आम्हीं पुढें पुष्कळ विचार केला. मूल आपलें आहे आणि तरी ह्या घटकेस तें आपलें नाहीं, ह्या दोन्ही गोष्टी तिनें एका दमांत सांगितल्या होत्या, आणि त्यांत तिला विसंगति वाटली नव्हती. आमच्या मतें ह्या आनंदाचें मर्म येथेंच आहे. घरीं मूल आमच्या हातांत असतें. आम्ही त्यास जेवूं घालतों, शिकवितों, दटावितों. तेथें आमच्यावांचून त्याचें पाऊल पडत नाहीं, निदान आमची समजूत तशी असते. मैदानाच्या रेषेच्या आंत गेलें कीं तें प्रथमच असें दिसतें कीं आम्ही त्यास पाहूं शकतों, पण हात लावूं शकत नाहीं. तेथें त्यास नियम आहेत, सोबती आहेत, प्रतिपक्ष आहे. आणि कोणत्या क्षणीं पुढें जावयाचें व कोणत्या क्षणीं मागें फिरावयाचें हें त्याचें त्यालाच ठरवावयाचें आहे. ज्या जिवाचें आम्हीं इतके दिवस सर्व कांहीं केलें तो जीव आतां आपलें आपण कांहीं करीत आहे, हें डोळ्यांनीं पाहणें हाच तो आनंद. त्यास लाभाची गरज नाहीं ती ह्यामुळेंच.

आतां आमची चूक कोठें झाली तेंहि आम्हांस दिसूं लागलें. राखण करणाऱ्या माणसाची पाठ मुलाकडे असते. त्याचे डोळे संकटाकडे असतात. मोहर्लीच्या त्या बापांस तसें उभें राहणें भाग होतें, कारण त्यांच्यापुढें खरें रान होतें. तरीहि त्यांनीं पाळी लावून एकमेकांस मोकळें केलें. शहरांतील मैदानाच्या कडेला वाघ नाहीं. पण आम्ही तेथेंहि राखणीलाच उभे होतों. मुलगा मागें पडेल काय, लोक काय म्हणतील, ह्या पोराचा निभाव कसा लागेल, अशा नाना भयांकडे आमचें तोंड होतें. मुलाचा खेळ आम्हीं पाहिलाच नव्हता. त्यांतील धोके तेवढे मोजले होते. आणि ज्या मुलावर सतत राखण आहे त्यास, आपण कांहीं तरी भयंकर ठिकाणीं उभे आहों असें वाटलें, तर त्यांत नवल काय?

मुलाचा खेळ पाहणाऱ्या आईबापांचें एक चित्र महाभारताच्या आदिपर्वांत आहे. द्रोणाचार्यांनीं राजपुत्रांची विद्या सर्वांस दिसावी म्हणून रंगभूमि सिद्ध करविली. धृतराष्ट्र आंधळा. ज्यांस डोळे आहेत त्यांचा आज मला हेवा वाटतो, अशा अर्थाचे उद्गार त्यानें त्या प्रसंगीं काढिले आहेत. ते वाचून कोणाहि बापाचें मन कळवळेल. विदुर त्यास सर्व सांगत होता, आणि कुंती गांधारीस सांगत होती. परंतु धृतराष्ट्राचें पुढील आयुष्य पाहिलें म्हणजे कळतें कीं मुलगा न दिसण्याचें दुःख त्यास डोळ्यांमुळें जितकें होतें त्याहून अधिक आंधळेपण त्याच्या ममतेंत होतें.

त्याच रंगभूमीवर कर्ण आला. कुंतीनें कवचकुंडलांवरून पोटच्या मुलास ओळखलें, आणि ती मूर्च्छित पडली. तिला डोळे होते, पुत्र समोर होता, त्याचा पराक्रम अर्जुनाच्या तोडीचा होता. पण हा माझा, असें म्हणण्याची तिला सोय नव्हती, म्हणून तिच्या वांट्यास आनंद आला नाहीं. दुर्योधनानें कर्णास अंगदेशाचें राज्य दिलें, आणि त्याच वेळीं म्हातारा अधिरथ सारथि काठी टेकीत, घामाघूम होऊन, कांपत आंत आला. त्याच्या येण्यानें कर्णाचें कुळ उघडें पडलें आणि भीमानें त्याचा उपहास केला. परंतु त्यापूर्वीं काय घडलें तें ध्यानांत घेण्यासारखें आहे. कर्णानें धनुष्य खालीं ठेविलें आणि अभिषेकाच्या पाण्यानें भिजलेलें मस्तक सर्व सभेपुढें अधिरथाच्या पायांवर ठेविलें. म्हाताऱ्यानें संकोचून वस्त्राच्या टोंकानें पाय झांकले, त्यास पोटाशीं धरिलें, आणि तेंच मस्तक आपल्या अश्रूंनीं पुन्हां भिजविलें. कर्णास तोलावयास अधिरथ आला नव्हता. तो केवळ आपल्या मुलास पाहावयास आला होता. त्या रंगभूमीवर राजे, राण्या व आचार्य होते. पण मुलाचा खेळ पाहण्याचें निर्भेळ सुख, आमच्या समजुतीप्रमाणें, त्या एका सारथ्यासच लाभलें.

येथें कोणी म्हणेल कीं, असें असेल तर आईबापांनीं मैदानावर न जाणें हेंच बरें. पाहण्यावांचूनहि आनंद होतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. २०१८ च्या मे महिन्यांत ह्याच चंद्रपूर जिल्ह्यांतील आश्रमशाळांत शिकणारे पांच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या शिखरावर पोंचले. तेथें कोणते आईबाप पाहावयास जाणार? बातमी गांवीं पोंचेपर्यंत त्यांनीं जी वाट पाहिली असेल तेंच त्यांचें पाहणें. सचिन तेंडुलकर १९८९ पासून कसोटी सामने खेळला. त्याच्या आईनें मैदानावर बसून त्याचा खेळ प्रथम पाहिला तो २०१३ च्या नोव्हेंबरांत मुंबईच्या वानखेडे मैदानावर, त्याच्या दोनशेव्या व अखेरच्या कसोटीच्या वेळीं. चोवीस वर्षें तिचें प्रेम कमी होतें असें कोण म्हणेल? परंतु ह्याच गोष्टीची दुसरी बाजूहि पाहावी. आईस पाहतां यावें म्हणून अखेरचा सामना मुंबईस व्हावा, अशी इच्छा मुलानेंच दर्शविली होती. जगानें पाहिलें तरी आईनें पाहिलें नाहीं, ही उणीव त्यास शेवटपर्यंत जाणवत होती. म्हणजे मुलास आपल्या माणसाचे डोळे हवे असतात. आमच्या मुलासहि ते हवे होते. नाहीं तर बाद झाल्यावर त्यानें आमच्याकडे पाहिलें नसतें. त्यास साक्षीदार हवा होता, आणि आम्ही परीक्षक होऊन उभे राहिलों होतों.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हार आणि जीत सारखीच मानावी असें आईबाप म्हणूं लागले, तर मुलें खेळतील तरी कशाला? ह्यावर आमचें म्हणणें असें कीं, जिंकण्याची इच्छा हा खेळाचा प्राण आहे आणि ती मुलाच्या ठिकाणीं असलीच पाहिजे. मुलाची पकड सुटली असतां ज्या आईस चुटपुट लागत नाहीं ती खेळ पाहतच नाहीं. मोहर्लीच्या त्या बाईसहि हार गोड लागली नसेल. भेद इतकाच कीं, हार ही खेळांतली गोष्ट म्हणून तिनें खेळांतच राहूं दिली. ती मुलीच्या मागून घरीं नेली नाहीं. कबड्डींत बाद झालेला गडी आपल्या सोबत्यांच्या करणीनें पुन्हां जिवंत होतो. हा नियम ज्यांनीं बसविला त्यांस बालमनाची चांगली पारख असली पाहिजे. तुझें आज चुकलें, तूं बाहेर बैस. पण तुझी जागा रिकामीच आहे, असें हा नियम मुलास सांगतो. आईबापांनीं ह्याहून अधिक कांहीं सांगावयाचें असतें असें आम्हांस वाटत नाहीं.

म्हणून ह्या आनंदाची पारख करावयाची झाल्यास आम्ही दोन कसोट्या सुचवूं. आपलें मूल हरल्यावरहि त्याच्या खेळांतील एखादी गोष्ट उत्साहानें सांगाविशी वाटते काय, ही पहिली. आणि दुसऱ्याच्या मुलाची चढाई त्याच्या बापास पाहतां यावी म्हणून थोडा वेळ रानाकडे तोंड करून उभें राहण्याची आपली तयारी आहे काय, ही दुसरी. पहिल्या कसोटीस आम्ही त्या काळीं उतरलों नसतों. दुसरी तर आम्हांस सुचलीहि नव्हती.

गेल्या वर्षीं आमच्या नातीचा खोखोचा सामना होता. मुलानें आपण होऊन विचारिलें, "बाबा, येतां का?" आम्ही गेलों. ती बरी खेळली, पण तिचा संघ हरला. घाम पुसत ती आली आणि तिनें विचारिलें, "आजोबा, मी कशी खेळलें?" खो देतांना ती घाई करीत होती, वळतांना तोल सोडीत होती, हें सारें आमच्या जिभेवर अगदीं तयार होतें. आम्हीं तें गिळलें आणि म्हटलें, "तूं त्या खांबाला वळसा घालून धांवलीस ना, तेव्हां मला फार मजा वाटली." ती हंसली आणि सोबतिणींत पळून गेली. मुलगा आमच्याकडे क्षणभर पाहत राहिला. तो कांहीं बोलला नाहीं, आणि आम्हींहि कांहीं बोललों नाहीं; पण घरीं येतांना तो बराच वेळ आमच्या बरोबरीनें चालत होता.